लीन्कीची समुद्राशी ओळख

अट कारोलिनाने घातली होती, आणि ती घालताना शेळीच्या आचळावरचा हातसुद्धा थांबवला नव्हता.

"पोरीला विचार," ती म्हणाली. "हो म्हणाली तर जानेवारीत ने शहरात, घाल शाळेत. मी आडवी येणार नाही. पण रडवत नेलीस, तर मी चालत येऊन परत आणीन. मला रस्ता माहीत आहे."

तिच्या मुलीला, एल्फ्रीडला, यात भांडायला जागाच सापडली नाही. आपल्या पोटच्या पोरीला विचारायचं, माझ्याकडे राहायला येतेस का म्हणून. आणि न विचारून करणार काय? ती पोर, लीन्की, रांगायला लागली होती तेव्हा एल्फ्रीड राजधानीत, विंडहुकला शिकायला गेली. वन्यजीव आणि पर्यटन असा अभ्यासक्रम होता, आणि सगळ्या उटुसेब वस्तीतून कॉलेजात निघालेली ती पहिली मुलगी. धुक्याचे थेंब पाठीवर झेलून पिणाऱ्या भुंगेऱ्याविषयी वर्गात शिकवत होते, तेव्हा तिचा ब्लाऊज छातीशी ओला झाला होता. वही छातीशी धरून ती तशीच बसून राहिली. तो भुंगेरा ती आजही पाहुण्यांना दाखवते, आणि दर वेळी हात आपोआप छातीशी जातो.

शिक्षण संपलं, समुद्रकाठच्या वॉल्विस बे शहरात वाटाड्याची नोकरी लागली, भाड्याची खोली झाली. तोवर लीन्की बोलायला, चालायला, शेळ्या हाकायला शिकली होती. कारोलिनाला ती आई म्हणे, कारण घरात सगळे तिला आईच म्हणत. आणि एल्फ्रीडला म्हणे एल्फी, कारण घरात सगळे तिला एल्फीच म्हणत. यात कुणाचा काही डाव नव्हता. कारोलिनाने एकदा दोनदा सुधारून पाहिलं होतं. लीन्कीने विचारलं, मग तू कोण? विषय तिथेच राहिला.

म्हणून एल्फ्रीडने हा शनिवार निवडला. मोसम मंदीचा होता, गाडीत दोनच पाहुणे होते आणि मागची बाकं रिकामी जाणार होती. मालक स्टेफनस हाताचा मोकळा आणि जिभेचा कडू. आण पोरीला, म्हणाला, पण पाहुण्यांच्या अंगावर ओकली तर पुसायचं तू. एल्फ्रीडने मनात सगळं मांडून ठेवलं होतं. पोरीला दिवसभर वाळवंट दाखवायचं. आपण काय करतो, आपल्याला किती येतं, ते तिला बघू द्यायचं. लीन्कीने समुद्र कधी पाहिला नव्हता. तो सगळ्यात शेवटी दाखवायचा, आणि तो बघून तिचे डोळे मोठे झाले की त्याच घटकेला विचारायचं.

पहाटे नदीच्या कोरड्या पात्रात धुकं भरलेलं होतं. कारोलिनाने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून लीन्कीच्या गळ्याला गुंडाळला, आणि एल्फ्रीडला बाजूला घेऊन सांगितलं, सँडविचच्या किनाऱ्यावर पोचलात की आधी तिची ओळख करून दे. एल्फ्रीड म्हणाली, माहीत आहे आई. कारोलिना म्हणाली, माहीत असतं, पण कॉलेजवाल्यांना आठवत नाही.

पाहुणे हॉलंडचे होते, दोघंही सत्तरीच्या आसपासचे. वाउटर सतत कॅमेऱ्याचं झाकण शोधत असे, आणि मीके त्याला ते स्वतःच्या खिशातून काढून देत असे. लीन्कीला पाहून मीकेचा चेहरा उजळला. तिने तिला खायला द्राक्ष काढलं, आणि एल्फ्रीडने ते वाटेतच घेऊन दातांनी दोन तुकडे केले. अख्खं द्राक्ष घशात अडकतं. असल्या शंभर गोष्टी तिला ठाऊक होत्या. पोर जवळ नसताना आई होणाऱ्या बाईला त्या सगळ्या वाचूनच ठाऊक होतात.

खाडीच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी मान खाली घालून उभे होते. लीन्कीने विचारलं, हाच का समुद्र? एल्फ्रीड घाईने म्हणाली, छे, हे नुसतं साचलेलं पाणी, समुद्र पुढे आहे. मग तिला उगाच भीती वाटली, की पोर याच पाण्यावर खूश झाली असती आणि आपण ते घालवलं.

मिठागरं मागे पडली. नदीच्या तोंडाशी, वाळूच्या उंचवट्यांवर नाराची काटेरी झुडपं लागली. पान नाही, नुसते हिरवे काटे, आणि आत लपलेली फळं, पोराच्या डोक्याएवढी. मीकेने उतरून एकाला हात लावला, तोच लीन्की गाडीतूनच तिच्यावर खेकसली. काय म्हणते, असं मीकेने विचारलं. एल्फ्रीडने सांगितलं की कुणाचं झुडूप आहे ते विचारल्याशिवाय हात लावू नका, असं म्हणते. प्रत्येक झुडपाला घराणं असतं. मीकेने हात झटकन मागे घेतला आणि लीन्कीकडे बघून, शिक्षिकेपुढे उभं राहावं तशी माफी मागितली. लीन्कीने मान हलवून ती दिली. एल्फ्रीडला हसू आलं, आणि अभिमानही वाटला. पण हे शिकवलं मी नाही, हेही पाठोपाठ आलंच.

मग वाळूच्या टेकड्या. टायरातली हवा कमी करून ती वाळूत शिरली आणि कामाला लागली. हे काम तिला येत होतं. वाळूवरचा एक बारीक रेघांचा माग बघून ती थांबे, उतरे, गुडघ्यावर बसे, आणि पाहुण्यांना काहीच दिसत नसताना ओंजळभर वाळू बाजूला सारून पारदर्शक पाल बाहेर काढे, जिच्या पोटातलं सगळं उजेडाकडे धरलं की दिसतं. वाउटर फोटो काढत सुटला. लीन्की मात्र पालीकडे बघून झाल्यावर एल्फ्रीडच्या हातांकडे बघत होती. एल्फ्रीडने ते पाहिलं. तिचा जीव सुपाएवढा झाला.

पुढच्याच टेकडीवर फुरसं निघालं. वाळूत पुरलेलं, वर फक्त दोन डोळे आणि शेपटीचं काळं टोक. एल्फ्रीडने रोज करते तसं काठीच्या टोकाने ते दाखवलं, पण दुसऱ्या हाताने तिने लीन्कीचं मनगट असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली.

"हात सोड ना, एल्फी," लीन्की म्हणाली. "तो दिसतोय की. दिसणारा नाही चावत. आई म्हणते, न दिसणारा चावतो."

एल्फ्रीडने पकड सैल केली, सोडली मात्र नाही. सकाळपासून तिने पोरीला टोपी घाल, पाणी पी, उतरू नकोस, पळू नकोस, वाळू तोंडात घालू नकोस एवढंच सांगितलं होतं. हे तिचं तिलाच ऐकू येत होतं. थांबवता येत नव्हतं.

सरडा सापडला तेव्हा ऊन चढलं होतं. नामाकवा सरडा, उन्हाच्या बाजूने फिकट आणि सावलीच्या बाजूने काळा, एकाच अंगाला दोन रंग. एल्फ्रीडने डबीतली अळी त्याच्यापुढे ठेवली, आणि जीभ लांब सुटून परत आली तशी लीन्की पहिल्यांदा खळखळून हसली. तिने अजून एक घालायला लावली. मग विचारलं, ह्याची आई कुठाय? एल्फ्रीडच्या तोंडून पाठ केलेलं उत्तर निघून गेलं. मादी वाळूत खड्डा करते, अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लं आपली आपण वर येतात.

"तुझ्यासारखी," लीन्की म्हणाली.

त्यात दुष्टावा काही नव्हता. तिने नुसती जोडी जुळवली होती. मीकेने कौतुकाने विचारलं, काय म्हणाली? एल्फ्रीडने सांगितलं, सुंदर आहे म्हणते. आणि गाडीच्या मागे जाऊन, टायर तपासायच्या निमित्ताने, ती थोडा वेळ टायरशी बसली.

किनाऱ्याने सँडविचला जायचं तर ओहोटी धरून जावं लागतं. एका अंगाला टेकडीची उभी भिंत, दुसऱ्या अंगाला लाटा, आणि मध्ये गाडीपुरती ओली वाळू. भरतीच्या वेळा एल्फ्रीडने तीनतीनदा पाहून ठेवल्या होत्या. रोज या पट्ट्यावरून ती एका हाताने गाडी चालवत पाहुण्यांना गमती सांगते. आज तिने दोन्ही हातांनी चाक धरलं होतं. टेकडीचा शेवटचा कोपरा वळला, आणि पुढे उघडा समुद्र आला.

गाडी थांबली, तशी उतरून लीन्की पाण्यापासून बऱ्याच अंतरावर उभी राहिली. मग म्हणाली, "हा इतका का ओरडतोय?"

एल्फ्रीड म्हणाली, त्याचा आवाजच तसा आहे, तो रागावलेला नाही. लीन्कीने विचारलं, मग त्याला माहीत आहे का मी आलेय ते? तेव्हा एल्फ्रीडला कारोलिनाचा निरोप आठवला.

इथे, टेकड्यांच्या पायथ्याशी, पाणी गोड निघतं तिथे, त्यांची माणसं राहायची. मासे आणि नारा खाऊन राहायची. मग जागा राखीव झाली, माणसं नदीकाठी वर सरकली, आणि गेलेले इथेच वाळूखाली राहिले. नवं माणूस जुन्या जागी आलं की थोरल्याने आपल्या काखेतला घाम बोटांवर घ्यायचा, त्याच्या कपाळाला लावायचा आणि मोठ्याने सांगायचं, हे अमुक, अमुकीचं, आपलंच आहे. गेलेल्यांना डोळे नसतात, पण वास कळतो. वास ओळखीचा असला की ते माणसाला सांभाळतात. एल्फ्रीडला तिच्या आजीने इथेच आणून असं केलं होतं. कॉलेजात हे सगळं वाचून झाल्यावरसुद्धा, ओळख न होता पोरीला इथे उभी करायची तिची छाती नव्हती.

शिवाय तिला ते करायचंच होतं. ही माझी, असं कुणासमोर तरी मोठ्याने म्हणायचं होतं. ऐकणारे मेलेले असले तरी चाललं असतं.

वाउटर आणि मीके चादरीवर बसून कालवं खात होती. एल्फ्रीड लीन्कीला पाण्याच्या कडेला घेऊन गेली, पाठमोरी उभी राहिली, कामाच्या शर्टाच्या बाहीतून हात आत घातला आणि बोटं पोरीच्या कपाळाला लावली. "ही लीन्की, एल्फ्रीडची मुलगी," असं तिने सुरू केलं.

लीन्कीने नाक फेंदारलं. बोटांचा वास घेतला. पुन्हा घेतला.

"हा तुझा वास नाहीये," ती म्हणाली. "हा दुकानाचा वास आहे."

आणि खरंच होतं ते. बंद गाडीत पाहुण्यांच्या इतक्या जवळ बसायचं म्हणून एल्फ्रीड सकाळी कामावर निघताना काखेत सुगंधी कांडी फिरवते. इतक्या सवयीने, की आज पहाटे पोरीला घ्यायला आईच्या घरी निघतानाही अंधारात पिशवीत हात घालून ती फिरवली होती. त्यावर उन्हाचं मलम. सगळ्या अंगाला विलायती फुलांचा वास येत होता. तिने पटकन बसून समुद्राचं पाणी घेतलं, बाहीत हात घालून वाळूने खसाखसा चोळलं, धुतलं, पुन्हा बोटं पुढे केली. आता कसलाच वास नव्हता.

लीन्कीचा खालचा ओठ हलायला लागला. "आता त्यांना कळणारच नाही मी कुणाची ते," ती म्हणाली.

एल्फ्रीड वाळूत गुडघ्यांवर बसून होती. त्यांना कळेल, म्हणावं? कशावरून? पोरीला खोटं ओळखू येतं, हे आता दिवसभरात कळलं होतं. ती नुसती म्हणाली, "चुकलं माझं, लीन्की."

लीन्कीने जरा विचार केला. मग गळ्याचा रुमाल सोडला. धुराचा, शेळीच्या दुधाचा, नाराच्या भाजलेल्या बियांचा, कारोलिनाच्या केसांचा रुमाल. तो तिने आपल्या कपाळावर घासला, जोरात, कातडी लाल होईपर्यंत. समुद्राकडे तोंड करून ओरडली, "मी लीन्की. आईची." आणि मग, आपलं झाल्यावर उरलेलं दुसऱ्याला द्यावं तशी, वळून एल्फ्रीडच्या कपाळावर तो रुमाल घासू लागली.

"तुला पण लावते," ती म्हणाली. "तुला पण विसरले असतील ते." आणि पाण्याकडे बघून, "ही एल्फी. ही पण आईची आहे."

रुमाल नाकाशी आला, आणि एल्फ्रीडला भरून आलं. आपण किती दिवस त्या घरात झोपलो नाही, मांडीवर डोकं ठेवून कुणी केस विंचरले त्याला किती वर्षं झाली, हे तिच्या एकदम लक्षात आलं. सकाळपासून ती पोरीसाठी तळमळत होती, आणि इथे तिला आईच हवीशी झाली होती. हाच तो क्षण होता, विचारायचा. लीन्कीचे डोळे मोठे झालेले होते, समुद्र समोर होता, सगळं ठरवल्यासारखं. एल्फ्रीडने विचारलं नाही. भरतीची वेळ होत आली, असं सांगून तिने पाहुण्यांना उठवलं.

पाहुण्यांना हॉटेलवर सोडलं तेव्हा मीके लीन्कीचा हात सोडायला तयार होईना. मग दोघीच उरल्या. उटुसेबच्या मातीच्या रस्त्याला गाडी लागली, ऊन तिरपं झालं होतं. एल्फ्रीडने खोलीविषयी, शाळेतल्या झोपाळ्याविषयी, पिवळ्या पांघरुणाविषयी जे जे सांगायचं पाठ केलं होतं त्यातलं काही सांगितलं नाही.

"लीन्की, माझ्याकडे राहायला येशील का? शहरात?"

"तू तर सकाळीच गाडीतून जाशील," लीन्की म्हणाली. "मग मी कुणाजवळ?"

शाळेत, एल्फ्रीड म्हणाली, आणि शाळा सुटली की शेजारच्या बाईंकडे, मी येईपर्यंत. लीन्कीने विचारलं, त्या बाईंकडे शेळ्या आहेत का? नाहीत. आणि आई? आई इथेच.

लीन्की बाहेर बघत होती. उत्तर शोधत नव्हती, ते कसं द्यावं ते शोधत होती, हे एल्फ्रीडला दिसत होतं.

"नको," ती शेवटी म्हणाली, अगदी हळू. "तू ये ना. तुझी गादी आहे अजून. तिच्यावर मांजर झोपतं, पण मी उठवीन त्याला."

एल्फ्रीड म्हणाली, बरं. लीन्कीने विचारलं, तुला राग आला का? एल्फ्रीड म्हणाली, नाही गं बाळा, आणि रस्त्यावरची नजर काढली नाही.

कारोलिना दारात उभी होती. तिच्या पायाशी चौकड्यांच्या कापडाचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं, वर लीन्कीचे चांगले बूट. लीन्की उतरली, गाठोड्याला वळसा घालून थेट शेळ्यांकडे पळाली, समुद्र ओरडतो असं त्यांना सांगायला.

एल्फ्रीडने गाठोड्याकडे पाहिलं, मग आईकडे. कारोलिनाला विचारावं लागलं नाही. ती खाली बसली आणि गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. एल्फ्रीडही शेजारी बसली, आणि दोघींनी मिळून ती नखांनी उकलली.

"मला वाटलं हो म्हणेल," कारोलिना म्हणाली. "समुद्र बघून कोण नाही म्हणतं? मी तर दुपारीच रडून घेतलं. फुकट गेलं सगळं."

एल्फ्रीडला हसू फुटलं, आणि हसता हसता ते दुसरंच काहीतरी झालं. कारोलिनाने तिला रडू दिलं. लहान कपडे एकेक करून मांडीवर ठेवत राहिली, एक फ्रॉक झटकून पुन्हा घडी घातली, जरा बघितलं, हा आता तोकडा होतो असं म्हणाली. मग म्हणाली, शाळा इथेही आहे, नदीपलीकडे. तुझ्याएवढी शिकवणार नाही, पण शिकवेल.

गाडी धुऊन द्यायची होती. एल्फ्रीड उठली, तोंड पुसलं, किल्ली घेतली. कारोलिना गाडीपर्यंत आली आणि खिडकीच्या काचेवर तळहात ठेवून उभी राहिली.

"एल्फी, ऐक. पुन्हा येशील तेव्हा विचारायला येऊ नकोस. नुसती ये."

एल्फ्रीडने मान हलवली. गाडी वळवताना तिने आरशात पाहिलं. कारोलिना अजून तिथेच होती, पण लीन्की पाहत नव्हती. ती एका करड्या शेळीची दोन्ही शिंगं धरून तिला काहीतरी समजावून सांगत होती. मग लाटेएवढा हात उंच करायला तिने शिंगं सोडली, आणि शेळी पळाली.